जांघेतला ब्रेक

मांडीच्या आतल्या स्नायूंवर लिहा, पण सोपं लिहा, अशी संपादकांची अट. पाय जवळ आणणारे स्नायू, एवढं म्हटलं की काम भागतं. पण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. जांघेजवळच्या हाडांपासून निघून मांडीच्या हाडाला बिलगणारे हे पाच स्नायू. त्यातला ग्रॅसिलिस तेवढा गुडघा ओलांडून नडगीपर्यंत उतरतो, आणि सर्वांत मोठ्या मॅग्नसचा मागचा भाग वाकलेलं शरीर उभं करायला हात देतो (बघा, शिरलोच तपशिलात!). अड्याळच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईचे पाय फाकलेले असतात, ते जवळ आणण्याचा तिथे प्रश्नच नसतो. ओल्या धुऱ्यावर तिचा पाय बाहेर सटकला, की हे स्नायू ताणले जाता जाताच आवळतात आणि तोल सावरतात. कबड्डीत बोनस रेषेकडे पाय टाकणाऱ्या चढाईपटूचंही तेच. म्हणून मी यांना ब्रेक म्हणतो.

आणि ब्रेकची परीक्षा ताणाखालीच व्हायला हवी. गुडघ्यांत चेंडू धरून दाबणं दुखऱ्या जांघेला सुरुवातीला ठीक. पण लोक तिथेच थांबतात, तेही आतली मांडी बारीक व्हावी म्हणून. एका जागेच्या व्यायामाने त्याच जागेची चरबी झडत नाही, हे सांगून जीभ थकली. नॉर्वेतल्या ३५ अर्धव्यावसायिक फुटबॉल संघांवरचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य व्यायाम असा: कुशीवर आडवं होऊन कोपर जमिनीवर टेकायचं, वरचा पाय जोडीदाराने धरायचा, कंबर उचलायची, खालचा पाय वरच्याला भिडवायचा आणि सावकाश खाली न्यायचा. हे करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा तरुण पुरुष खेळाडूंचा आहे. रोवणीच्या बाईला तो जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. स्नायूचं काम मात्र दोघांत सारखंच.

‘दिवसभर चिखलात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण राबण्याने दम वाढतो, तोही ठरावीक वाकणीत. अचानक आलेला झटका पेलायची ताकद वाढवायला भार पायरीपायरीने चढवावा लागतो, आणि चिखल काही तसा भार चढवत नाही. मल्लखांबाचे अभिमानी म्हणतील, आमच्या अढीत हे सारं आहेच. मांडीची पकड तिथे घडते, कबूल. पण पकड म्हणजे आवळून धरणं, लांबत जाताना रोखणं वेगळं. जांघेतलं प्रत्येक दुखणं स्नायूचं असतं असंही नाही. फुगवटा दिसला तर अंतर्गळ आहे का ते आधी डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. बाकी या कुशीवरच्या व्यायामाला जोडीदार नसला तर बाजेचा आधार चालतो. नवख्याने वरच्या पायाचा घोटा नव्हे, गुडघा बाजेवर टेकवून सुरुवात करावी. पहिले काही दिवस मांडी ठणकते, त्यामुळे ऐन रोवणीच्या तोंडावर हे नको. धान चुरून झालं की हात मोकळे असतात, तेव्हा बाज अंगणात ओढावी.