आधी चेंबर, मग बाकी

आमच्या भाच्याने गाडी घेतली आहे. यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण गाडी वीस वर्षांची जुनी, आणि घेतली कशासाठी, तर गोल गोल पळवायला! कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे नावाचा शर्यतीचा ट्रॅक आहे, दोन किलोमीटरच्या थोडा वर. (हे करी म्हणजे करिवर्धन. शर्यतीच्या गाड्या बांधणारा अवलिया माणूस, १९९५ साली विमान अपघातात गेला.) तिथे पैसे भरून स्वतःची गाडी पळवता येते.

गाडी आहे स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. आपल्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया तिथे जुळवली जाऊ लागली. तिची ही तापट बहीण २००४ मध्ये आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती. स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारांची ठेंगणी गाडी अशी माझी समजूत. हिच्या डिकीत महिन्याचा किराणा मावतो. "मावशी, तू दिसण्यावर जाऊ नकोस," इति भाचा.

धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, तुझं ऐकतो तो. समजाव." तिचं काही चूक नाही. मेहुणे रस्त्यावरच गेले, २००९ मध्ये, समोरून आलेल्या डंपरखाली. तेव्हापासून त्या घरात वेगाचं कौतुक कुणी करत नाही. त्यात भाच्याने जमवलेले पावणेदोन लाख या गाडीपायी जाणार.

गाडीचं काम रेल्वे स्टेशन एमआयडीसीकडच्या एका गॅरेजात चाललं होतं. मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी निघाला. आयुष्यात तीन ओळींच्या वर निबंध लिहिला नाही त्याने, पण त्या दिवशी तासभर बोलला. भाच्याचा बेत असा, की आधी इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायची. मिस्त्रीने साफ नकार दिला होता. "बाई, आधी चेंबर, मग बाकी. नाहीतर इंजिन जाईल आणि नाव माझं खराब होईल."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं तेलाचं भांडं. त्यात साधारण साडेचार लिटर तेल. पंप जाळीतून ते शोषतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. तिथे धातूवर धातू घासत नाही, मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. त्याने एका परातीत काळं तेल ओतलं, परात जमिनीवर ठेवून बाजूला झटकली. तेल एका काठावर चढलं आणि मधला पत्रा उघडा पडला. "हे झालं वळण. आता जाळी इथे मधे आहे. काय शोषेल?"

हवा! वळणावर बाजूने लागणारा जोर वजनाइतका झाला, तर तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंश तिरपा होतो. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर एका सेकंदात शंभर. म्हणजे सेकंदभर हवा गेली तर शंभर फेरे उपाशी. गावातल्या वळणावर हे होत नाही, कारण तिथे आपण तितक्या जोराने आणि तितका वेळ वळतच नाही. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा? तो दाब अगदी पडल्यावर लागतो, तोवर बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि पाण्याचा काटा नव्वदवर ढिम्म उभा असतो, तेल कितीही तापलेलं असो. मला तर हे ऐकून घरातल्या काही माणसांची आठवण झाली... असो.

चेंबर उतरवलं तेव्हा जाळी गाळाने अर्धी बुजलेली होती. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललं नसणार. मिस्त्रीने जाळी नवी घातली आणि चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे कप्पे वेल्डिंग केले. त्यांना बिजागरीची छोटी दारं, जी जाळीच्या बाजूलाच उघडतात. तेल आत येतं, वळणावर बाहेर पळू शकत नाही. ते मला लगेच समजलं. मग पुढच्या बंपरमागे तेलाचा कूलर, थर्मोस्टॅटसकट, म्हणजे तेल गार असताना ते उगाच तिकडे जात नाही. शेवटी दोन काटे, एक तेलाच्या दाबाचा, एक तापमानाचा. अर्धा लिटर तेल जास्त ओतून भागवणारे लोकही आहेत. पण फार भरलं तर क्रँक त्याला घुसळून फेस करते, आणि फेसाचा पापुद्रा टिकत नाही. खऱ्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये तेल चेंबरमध्ये ठेवतच नाहीत, वेगळ्या टाकीत असतं. पण तो खर्च गाडीच्या किमतीवर जाईल, म्हणून नाद सोडला.

बहिणीला मी खरं तेच सांगितलं. हा खर्च इंजिन वाचवतो, पोराला नाही. त्याच्यासाठी हेल्मेट, ब्रेक, चांगले टायर वेगळे. पण त्या ट्रॅकवर समोरून डंपर येत नाही, हेही सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जाऊन आला की मला आधी गाडी बघायची आहे."

फेब्रुवारीत जाऊन आला. तेल एकशे पंधराच्या आसपास राहिलं. सव्वाशेच्या पुढे गेलं असतं तर मिस्त्रीने थांबायला बजावलं होतं. दाब मात्र एका लांब वळणावर जरासा खाली जातो, म्हणजे एखादा कप्पा अजून घालावा लागणार. परत आल्यावर तेलाचा फिल्टर कापला, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. बेअरिंग झिजली तर तिथे चमकी दिसते. बहीण चष्मा पुसून दोनदा वाकून बघत होती. चमकी नव्हती. भाचा आता पुन्हा ताकद वाढवायचं म्हणतोय. मिस्त्री अजून तयार नाही.