दुःखाची चढाओढ

वृद्धांची सेवा करणाऱ्यांच्या गटात एक अबोल स्पर्धा चाललेली असते. ‘आमचे हे रात्री तीनदा उठतात,’ असे एकीने म्हणावे, तर दुसरीने लगेच, ‘आमच्याकडे तर डोळ्याला डोळा लागत नाही,’ म्हणून वरचढ ठरावे. सासूबाईंच्या स्मृतिभ्रंशामुळे मी अशा एका गटात जाऊ लागले, तेव्हा याचे नवल वाटले. पुढे उमगले, की घरी ज्याच्या श्रमांची कोणी दखल घेत नाही, तो निदान येथे तरी पहिला नंबर मागत असतो.

आमच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी यावर उपदेश केला नाही. त्यांनी नाटक आणले. नाटक म्हटले की आमच्या पिढीला टाळ्या आणि ‘वन्स मोअर’ आठवतात. पहिल्या दिवशी एका गृहस्थांनी खड्या आवाजात स्वगतही म्हणून दाखविले! परंतु हा प्रकार निराळा. डॉ. जेकब मोरेनो यांनी १९२१ च्या सुमारास व्हिएन्नात संहितेविना नाट्यप्रयोग केले आणि त्यांतूनच पुढे ‘सायकोड्रामा’ ही उपचारपद्धती घडविली. १९३६ मध्ये अमेरिकेत बीकन येथे त्यांनी काढलेल्या रुग्णालयात तर खास रंगमंच होता. अभिनय चांगला की वाईट, हे येथे कोणी पाहत नाही.

गटातील एका भगिनीचा भावावर राग होता. आईचे सारे ती करी. भाऊ परगावाहून पैसे पाठवी. बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. तिला उद्देशून ती मनसोक्त बोलली. मग बाई म्हणाल्या, ‘आता तुम्ही त्या खुर्चीत बसा. भाऊ होऊन उत्तर द्या.’ बराच वेळ ती नुसती बसून राहिली. ‘ताई, मी येत नाही, कारण आईने मला ओळखले नाही तर...’ एवढेच शब्द आले. तेव्हा ते स्वगतवाले गृहस्थ उठून तिच्या मागे उभे राहिले आणि हलकेच म्हणाले, ‘आणि सारे तूच करतेस, म्हणून तुझ्यासमोर यायची लाज वाटते.’ दुसऱ्याचे अव्यक्त मन असे बोलून दाखविण्याची या पद्धतीत रीत आहे. तिने मान डोलावली.

प्रयोगानंतर सल्ला देण्यास मनाई असते. प्रत्येकाने आपल्याला काय आठवले, तेवढेच सांगायचे. त्या दिवशी कोणी कोणावर मात केली नाही. (प्रशिक्षित व्यक्तीवाचून हा प्रयोग घरी करू नये. जखम उघडली, तर सावरणारे कोणी जवळ हवे.)

निघताना ती भगिनी मला म्हणाली, ‘त्याच्या वतीने बोलले ते मीच. त्याला तर अजून विचारलेलेच नाही.’