लेन्स्टर हाउसमधला घरपट्टीचा धाक

आयर्लंडच्या संसदेत व्यापारावर मोठ्या आवेशाने बोललं जातं. पण व्यापाराचा एकही करार ही संसद स्वतःच्या बळावर करू शकत नाही. 1973 साली युरोपीय समुदायात सामील झाल्यापासून देशाचं आयात-निर्यातीचं धोरण ब्रुसेल्समध्ये, इतर सदस्य देशांच्या सोबतीने ठरतं. रुग्णालयांतल्या भरतीवरून सदस्य आरोग्यमंत्र्यांना धारेवर धरतात. पण नेमणुका करते ती ‘एचएसई’ ही 2005 पासूनची स्वतंत्र आरोग्य यंत्रणा. तिसरा विषय घरांवरच्या कराचा. तो मात्र पूर्णपणे या सभागृहाच्या हातात आहे. संसदीय कामकाजाचा अभ्यास करताना आयर्लंडबद्दल मला सर्वांत अस्वस्थ करते ती हीच गोष्ट: अधिकार कमी तिथे आवाज चढतो, आणि अधिकार पुरा असतो तिथे हात आखडता घेतला जातो.

डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवर लेन्स्टर हाउस आहे. अठराव्या शतकात एका उमरावाने बांधलेल्या या वाड्यात आज ‘डॉल’ म्हणजे कनिष्ठ सभागृह भरतं. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीपासून त्याचे 174 सदस्य आहेत. मतदारसंघ 43, आणि प्रत्येकातून तीन ते पाच जण निवडून येतात. मतदार पसंतीक्रमाने मत देतो, त्यामुळे एकाच पक्षाचे दोन उमेदवारही एकमेकांचे स्पर्धक असतात. अशा लढतीतून आलेला सदस्य आपल्या गावच्या रुग्णालयातली रांग विसरू शकत नाही. आठवड्यातून दोन दिवस विरोधी नेते पंतप्रधानांना, म्हणजे टीशॉकना, थेट प्रश्न विचारतात. तिथे अमेरिकेचं आयात शुल्क, नर्सची रिकामी पदं आणि घरांचे भाव एकाच बैठकीत येऊन जातात.

व्यापाराबाबत संसदेचे हात बांधलेले आहेत, पण पूर्ण नाहीत. 2016 मध्ये युरोपीय संघाने कॅनडाशी ‘सेटा’ करार केला. 2017 पासून त्याचा बराचसा भाग तात्पुरता लागूही झाला. मात्र परदेशी गुंतवणूकदारांना सरकारविरुद्ध वेगळ्या न्यायाधिकरणात जाण्याची मुभा देणारं प्रकरण प्रत्येक देशाच्या मंजुरीसाठी थांबलं. सरकारने डॉलमध्ये मतदान घ्यायचं ठरवलं, तेव्हा सत्तेत भागीदार असलेल्या ग्रीन पक्षातच खळबळ उडाली. त्या पक्षाचे सदस्य पॅट्रिक कॉस्टेलो आपल्याच सरकारविरुद्ध कोर्टात गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निकालाने सांगितलं की, कायदा आहे तसा असताना या कराराला मंजुरी देणं घटनेत बसत नाही. कराराने देशाच्या न्यायालयांचं अधिकारक्षेत्र किती आकसेल, हा प्रश्न डॉलच्या मतदानातून नव्हे तर एका सदस्याच्या याचिकेतून ऐरणीवर आला. ही गोष्ट मला कोणत्याही भाषणापेक्षा महत्त्वाची वाटते.

2025 मध्ये अमेरिकेच्या आयात शुल्काचं वादळ आलं. 2024 मध्ये आयर्लंडमधून अमेरिकेत 7,260 कोटी युरोंचा माल गेला होता, आणि त्यात मोठा वाटा औषधांचा होता. एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी युरोपीय मालावर 20 टक्के शुल्क जाहीर केलं, आणि जुलैअखेर युरोपीय आयोगाने 15 टक्क्यांवर तडजोड केली. वाटाघाटी आयोगाच्या, खुर्च्या आयोगाच्या. डॉलमध्ये चर्चा झडली ती परिणामांची.

काळजी खरी आहे, कारण औषध आणि तंत्रज्ञान क्षेत्रातल्या मोजक्या कंपन्या या देशाची तिजोरी भरतात. ॲपलच्या थकीत कराच्या खटल्यातून आलेली एकरकमी रक्कम बाजूला ठेवली, तरी 2024 मध्ये कंपनी करातून 2,800 कोटी युरो मिळाले. त्यातला निम्म्याहून अधिक भाग अवघ्या दहा कंपन्यांचा. हे आकडे मनात ठेवूनच बाकीच्या दोन वादांकडे पाहायला हवं.

तिजोरी भरलेली, आणि रुग्णालयात माणसं कमी. जानेवारी 2023 मध्ये एका दिवशी 931 रुग्ण खाट न मिळाल्यामुळे स्ट्रेचरवर किंवा जागा सापडेल तिथे झोपून होते. नर्सच्या संघटनेने मोजणी सुरू केल्यापासूनचा तो उच्चांक. त्याच वर्षाच्या अखेरीस एचएसईने जवळपास सगळी भरती थांबवली. 2019 च्या अखेरीपासून चार वर्षांत कर्मचारी पंचवीस हजारांहून अधिक वाढले होते, मंजूर पैशांपेक्षा जास्त माणसं घेतली गेली होती, असं यंत्रणेचं म्हणणं. जुलै 2024 मध्ये बंदी उठली, पण एक अट ठेवून: 2023 च्या अखेरीस जी पदं रिकामी होती, ती मंजूर यादीतूनच गेली. संघटनांचा संताप याच मुद्द्यावर होता. रिकामं पद दिसतं आणि त्याबद्दल विचारता येतं. यादीतूनच पुसलेल्या पदाची विचारणा करायची तरी कशी?

इथे संसदेची दुसरी अडचण समोर येते. सदस्याने विचारावं, अमुक विभागात किती नर्स आहेत. मंत्र्यांनी लेखी उत्तर द्यावं की, प्रश्न कामकाजाशी संबंधित असल्यामुळे एचएसईकडे थेट उत्तरासाठी पाठवला आहे. अशी उत्तरं वर्षानुवर्षं पटलावर येत आहेत. खर्च वाढवणारं विधेयक विरोधकांनी आणलं, तर घटनेच्या सतराव्या कलमाप्रमाणे टीशॉकच्या सहीचा संदेश आल्याशिवाय ते अडकतं. सरकारला ज्या विधेयकाला उघड नकार द्यायचा नसतो, ते असं मुकाट अडवता येतं.

तरीही रुग्णालयं चालतात. आयर्लंडमधल्या निम्म्याहून अधिक नर्सचं शिक्षण परदेशात झालं आहे. श्रीमंत देशांत हे प्रमाण सर्वाधिक. त्यांत मोठ्या संख्येने भारतीय आहेत, विशेषतः केरळच्या. मराठी वाचकाला यातला एक धागा ओळखीचा वाटेल. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या घराण्यातले डॉ. अशोक वराडकर 1960 च्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे एका आयरिश नर्सशी त्यांचं लग्न झालं, आणि त्यांचा मुलगा लिओ पुढे डॉक्टर, आरोग्यमंत्री आणि दोनदा टीशॉक झाला. भरतीबंदी आली तेव्हा सरकारचं नेतृत्व त्यांच्याकडेच होतं. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी वैद्यकीय सेवेतल्या भारतीयांच्या योगदानाची जाहीर आठवण करून दिली. ती आठवण करून द्यावी लागली, याचं दुःख वाटतं. या माणसांवर रुग्णालयं उभी आहेत, आणि डब्लिनमध्ये त्यांना परवडेल अशी भाड्याची खोली मिळत नाही.

म्हणजे आरोग्याचा वाद घरांपाशी येतो. 2024 मध्ये 30,330 घरं पूर्ण झाली. निवडणुकीआधी सरकार चाळीस हजारांच्या जवळपास घरं होतील असं सांगत होतं, आणि अधिकृत आकडा मतदान झाल्यावर जानेवारीत आला. त्यावरून सभागृहात जो गदारोळ झाला तो योग्यच होता.

पण घरांवरच्या कराचा विषय निघाला की हेच सभागृह बिचकतं. त्याचं मूळ 1977 मध्ये आहे. घरपट्टी रद्द करू, असं आश्वासन देऊन जॅक लिंच यांच्या फिअना फॉल पक्षाने 148 पैकी 84 जागा जिंकल्या आणि घरपट्टी खरोखरच गेली. नगरपालिका-परिषदा सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसल्या, त्या आजतागायत. पुढे कर्जबाजारी झालेल्या देशाला 2010 मध्ये युरोपीय संघ आणि नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली, तेव्हा मालमत्ता कर ही त्यांची एक अट होती. 2012 मध्ये आधी प्रत्येक घराला शंभर युरोंचं सरसकट शुल्क लावलं. मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास घरांनी ते भरलेलंच नव्हतं. 2013 पासून वसुली महसूल खात्याकडे दिली आणि किमतीवर आधारित कर आला. मग लोक भरू लागले.

धाक तरीही गेला नाही. 2013 च्या मूल्यांकनाचा फेरआढावा पुढे ढकलत ढकलत 2021 पर्यंत नेला. मधल्या काळात भाव जवळपास दुप्पट झाले, आणि 2013 नंतर बांधलेली नवी घरं 2022 पर्यंत या कराबाहेरच राहिली. शेजारच्या जुन्या घराला कर, नव्याकोऱ्याला नाही, अशी स्थिती संसदेने वर्षानुवर्षं चालू दिली. 2021 मध्ये दर कमी केला. 2026 साठी तो पुन्हा उतरवून 0.0906 टक्के केला. चार लाख युरोंच्या घराला वर्षाला साडेतीनशे युरोंच्या आतच मूळ कर बसतो. सगळ्या देशातून जमा होतात पन्नास कोटी युरोंच्या आसपास. कंपनी कराशी ताडून पाहिलं की, ही तिजोरी कुणाच्या आधारावर उभी आहे ते कळतं.

सर्वांत मोठा विरोधी पक्ष शिन फेन डावा म्हणवतो, आणि त्याची मागणी हा कर रद्दच करावा अशी आहे. 2022 मध्ये सरकारनेच नेमलेल्या कर व कल्याण आयोगाने मालमत्तेतून अधिक महसूल घ्यावा आणि जमिनीच्या मूल्यावर कर असावा, असं सुचवलं. सत्ताधाऱ्यांनीही ते जवळ केलं नाही. रिकाम्या घरांवरच्या कराचीही तीच गत. 2022 च्या जनगणनेत 1,66,752 घरं रिकामी सापडली. नियमांच्या व्याख्या अशा की, त्यातली फार थोडी कराच्या जाळ्यात आली. जिथे राग मोठ्या गुंतवणूकदारांवर होता तिथे मात्र संसद झटकन हलली. मेनूथमध्ये एका फंडाने एका वसाहतीतली बहुतेक घरं विकत घेण्याची बातमी आली, आणि मे 2021 मध्ये वर्षात दहा किंवा अधिक घरं घेणाऱ्यांवर 10 टक्के मुद्रांक शुल्क बसलं. 2024 मध्ये ते 15 टक्के झालं. अपार्टमेंट त्यातून वगळली आहेत.

ऑक्टोबर 2025 च्या अर्थसंकल्पात नव्या अपार्टमेंटवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून नऊवर आणला. बांधकाम त्याने वाढेलही. पण ही सवलत देताना, घर आणि जमीन असलेल्यांकडून त्या बदल्यात काय घ्यायचं, याचा हिशेब समोर ठेवला गेला नाही. अमेरिकेतल्या एका निर्णयाने औषध कंपन्यांचा नफा दुसरीकडे वळला, तर नर्सचे पगार कशातून द्यायचे, हा प्रश्न घरपट्टीच्या चर्चेत विचारला गेला पाहिजे. ती चर्चा ज्या सभागृहात होते त्यालाच उत्तर देण्याचा अधिकार आहे.

व्हॅटची ही सवलत 2030 च्या अखेरीस संपते, आणि घरांचं चालू मूल्यांकनही त्याच वर्षअखेरपर्यंत आहे. त्याआधी सार्वत्रिक निवडणूक होऊन गेलेली असेल. म्हणजे दोन्हींबद्दल काय करणार, हे प्रत्येक पक्षाला मतदानाआधी जाहीरनाम्यात लिहून द्यावं लागेल.