राहून गेलेला हिवाळा

डोंगरात एखादी झोपडी असती तर आपल्या हातून काही लिहून झाले असते, अशी मी पुष्कळ वर्षे स्वतःची समजूत घालत आलो आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या संग्रहालयात, घुमटाखाली, जोव्हान्नी सेगान्तिनीची तीन भव्य चित्रे पाहिली आणि ही सबब लटकी पडली.

सेगान्तिनी १८९४ पासून मालोया या पहाडी गावी राहिला. अखेरचे हिवाळे तो खालच्या सोल्योत काढी. चित्र मात्र प्रत्यक्ष स्थळीच रंगवायचे, हा त्याचा हट्ट. मोठे कॅनव्हास लाकडी आवरणात उघड्यावरच उभे असत. शुद्ध रंगांच्या बारीक रेषा शेजारी शेजारी ठेवत जायचे (विभाजनवाद म्हणतात तो हाच), त्यामुळे हात संथ चाले. ऋतू कुठला थांबायला! उजेड हुकला की वर्षभर वाट पाहणे आले.

१८९९च्या सप्टेंबरात तो पोन्त्रेसिनाच्या माथ्यावरील शाफबर्गवर, सुमारे २७०० मीटर उंचीवरच्या झोपडीत, ‘निसर्ग’ हे मधले चित्र रंगवायला गेला. तिथे पोटातल्या आवरणाला सूज येऊन २८ सप्टेंबरला तो वारला. वय ४१.

तिसरे चित्र ‘मृत्यू’. घराबाहेर काढले जाणारे प्रेत, बर्फात ताटकळलेला घोडा, त्याची घसरगाडी, आणि वर एक उजळ, अवाढव्य ढग. चित्र हिवाळ्याचे आणि चित्रकार गेला तो हिवाळ्याच्या तोंडावर. ते अपुरेच राहिले, हे मला ठाऊक होते. अपुरी जागा नेमकी कोणती, हे त्या बर्फात मी बराच वेळ शोधत बसलो. सापडली नाही.