घाणेरीखालचे रान

सिडनीला जाण्याचा योग आला, तर ‘सर्क्युलर की’ या धक्क्यावरून तारोंगा प्राणिसंग्रहालयाकडे जाणाऱ्या बोटीत बसावे. उजव्या हाताचे ऑपेरा हाउस मागे पडते आणि मॉझमन उपनगराचा वृक्षाच्छादित किनारा जवळ येऊ लागतो. पुष्कळ प्रवासी प्राणिसंग्रहालय पाहून परततात. आपण मात्र पायवाटेने पुढे ब्रॅडलीज हेड या भूशिरावर जावे. महानगराच्या कुशीत ऑस्ट्रेलियाचे मूळचे रान तेथे आजही उभे आहे. अशा रानाला तेथील लोक ‘बुश’ म्हणतात.

वालुकाश्माच्या फटींतून वर आलेले, गुळगुळीत गुलाबी सालीचे अँगोफोरा वृक्ष आणि कणसासारखी फुले धरणारी बँक्सियाची झाडे आपल्याला नवखी वाटतात. तथापि सिडनीच्या अशा रानांच्या कडेला एखाद्या उतारावर ओळखीचा उग्र दर्प येतो आणि रंगीबेरंगी फुलांचे गुच्छ दिसतात. ही तर आपली घाणेरी! कोणी हिला टणटणीही म्हणतात. खरे पाहता ती ना आपली, ना त्यांची. उष्ण अमेरिकेतील हे झुडूप शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आले आणि १८४१च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पोचले. पाखरांनी तिची काळी फळे खाल्ली, बिया दूरवर नेल्या आणि दोन्ही देशांत ती बागेचे कुंपण ओलांडून रानात शिरली.

या भूशिराचे नाव १७८८ साली आलेल्या पहिल्या इंग्रजी ताफ्यातील विल्यम ब्रॅडली या अधिकाऱ्यावरून पडले. योगायोग असा, की पुढे या रानाच्या मदतीला धावल्या त्याही ब्रॅडलीच: आयलीन आणि जोन या दोघी बहिणी. १९६०च्या दशकात त्या येथे नित्य फिरावयास येत. त्यांच्या ध्यानात आले, की जेथे तण सरसकट कापून जमीन उघडी केली जाई, तेथे ते पुन्हा दाट माजे. उलट जेथे त्या जाता-येता तण हलक्या हाताने उपटीत आणि पालापाचोळा पुन्हा मातीवर पसरीत, तेथे मूळची रोपे आपोआप वर येत. यातून त्यांनी तीन नियम बांधले: जेथे रान चांगले आहे तेथून आरंभ करून बिघडलेल्या भागाकडे जावे, माती शक्य तितकी कमी हलवावी, आणि मूळची झाडे जितक्या वेगाने परततील, तितक्याच वेगाने तण काढावे.

आज ऑस्ट्रेलियातील अनेक बँका व कंपन्या आपल्या नोकरवर्गास अशा सेवेसाठी भरपगारी रजा देतात. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘कॉन्झर्व्हेशन व्हॉलंटिअर्स ऑस्ट्रेलिया’सारख्या संस्था त्यांच्यासाठी कामाची आखणी करतात. एरवी मेजाशी बसणारी माणसे हातमोजे चढवून गुडघ्यांवर बसतात. त्यांचा उत्साह दांडगा असतो, आणि नेमका येथेच कसोटीचा प्रश्न उभा राहतो. एका दिवसात सारा उतार मोकळा करून दाखवावा, अशी ऊर्मी प्रत्येकाला होते. पण मूळचे झुडूप नाहीसे झाले, तेथे निळे चिमुकले ‘फेअरी-रेन’ पक्षी आणि शेपटीने फांदी धरणारे पॉसम याच घाणेरीच्या जाळीत आसरा घेतात. जाळी एकदम तोडली, तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांचेच घर मोडते. म्हणून जाणकार थोडी जाळी काढतात, तेथे मूळची झुडपे वाढू देतात आणि मगच पुढच्या तुकड्याला हात घालतात.

वाचकहो, एका दिवसाच्या श्रमदानाचे मोल येथेच ठरते. दिवसाअखेरचा तणांचा ढीग पाहून ते मोजता येत नाही. कोणी त्या जागेकडे पुढेही लक्ष दिले, नवे तण वेळीच काढले, तरच त्या दिवसाचे सार्थक होते. गावचे स्वयंसेवक हे काम वर्षानुवर्षे करतात. कंपनीच्या मंडळींनी त्यांच्या हाताला हात लावावा, त्यांची जागा घेऊ नये, हेच उचित.

आपल्याकडेही सह्याद्रीच्या उतारांवर आणि बंदीपूर-मुदुमलाईच्या वनांत घाणेरी माजली आहे. श्रमदानाच्या दिवशी कुदळ उचलण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे: या जाळीत आज कोण राहते, आणि उद्या येथे पाहावयास कोण येणार?