वाटेचा कागद

कार्यशाळेची किंवा चर्चासत्राची निमंत्रणपत्रिका हाती आली, की प्रथम दृष्टीस पडतात ती मान्यवरांची नावे. उद्घाटक, अध्यक्ष, मग विषय-उपविषय, नोंदणीशुल्क आणि निबंध पाठविण्याची मुदत. येथे कसे यावे, हा मजकूर असलाच तर शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात. आम्ही मात्र पत्रिका खालून वर वाचतो. जंक्शनच्या गावी राहणाऱ्यांना ही सवय लागतेच; कारण त्या तळच्या दोन ओळींत जे लिहायचे राहून जाते, ते आमच्या फलाटावर येऊन उभे राहते.

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. फुलशेतीसाठी ओळखले जाणारे. नांदेडहून वीस-पंचवीस किलोमीटर पुढे. येथे लोहमार्गाला दोन वाटा फुटतात. एक उमरी, धर्माबाद, बासरवरून निजामाबाद-सिकंदराबादकडे जाते. दुसरी भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादकडे. मुंबईहून येणारी देवगिरी एक्सप्रेस पहिल्या वाटेने जाते, नंदीग्राम एक्सप्रेस दुसऱ्या. रात्रभराच्या प्रवासात ज्याला नांदेड आल्याचे कळत नाही, त्याला जाग मुदखेडला येते. खांद्याला पिशवी, हातात निमंत्रणपत्रिका आणि चेहऱ्यावर गोंधळ घेऊन तो विचारतो, “विद्यापीठ कुठल्या बाजूला?” मग त्याला चहा पाजून परतीच्या गाडीत बसवून देणे एवढेच आमच्या हाती उरते.

एके काळी ही वाट फारच लांबची होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापन झाले. नांदेडच्या विद्यार्थ्याला तेथे जायचे म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि ज्ञानाचे दार घराजवळ आले. विद्यापीठाच्या विष्णुपुरी येथील आवाराला ‘ज्ञानतीर्थ’ म्हणतात. तीर्थ या शब्दाचा एक जुना अर्थ नदीचा उतार, जेथून पलीकडे जाता येते ती जागा. नांदेडचे रेल्वेस्थानक गोदावरीच्या उत्तरेला आणि विष्णुपुरी दक्षिणेला, लातूरच्या रस्त्यावर. तेव्हा येथे येणाऱ्या प्रत्येकाला गोदावरी खरोखरच ओलांडावी लागते.

पण दार जवळ आले म्हणून उंबरठा ओलांडणे सर्वांनाच सोपे झाले, असे नाही. आमच्या परिचयाची एक शिक्षिका किनवट भागात शिकविते. घराण्यातील पदवी घेणारी ती पहिलीच. एका संस्थेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत तिला निबंध वाचायचा होता. पत्रिकेत पाहुण्यांची नावे ठळक होती. प्रवासाविषयी मात्र ‘स्थानकावरून वाहने मिळतात’ एवढीच ओळ. मुक्कामाचा उल्लेख नाही, शेवटचे सत्र केव्हा संपेल याचा पत्ता नाही. तिचा निबंध त्या शेवटच्या सत्रात ठेवलेला. सत्र लांबले, घरी पोहोचविणारी गाडी निघून जायची वेळ झाली, आणि ती निबंध न वाचताच उठून आली. मुदखेडला गाडीची वाट पाहताना तिने तो आम्हांला दाखविला. स्वच्छ अक्षरातली सोळा पाने. तिला कोणी येऊ नको म्हटले नव्हते. तिने यावे म्हणून कोणी विचारही केला नव्हता.

प्रभू येशूने वल्हांडणाच्या भोजनाची तयारी करण्यास दोघा शिष्यांना पाठविले, तो प्रसंग मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. शहर सणाच्या गर्दीने भरलेले. प्रभूने त्यांना खूण सांगितली ती पाण्याचे भांडे घेऊन जाणाऱ्या माणसाची. पाणी भरणे हे बहुधा बायकांचे काम; त्यामुळे भांडे घेतलेला पुरुष गर्दीतही नजरेत भरणार. त्याच्यामागून कोणत्या घरात जावे, घरधन्याशी काय बोलावे, आणि वर गेल्यावर सजवून तयार ठेवलेली मोठी खोली दिसेल, हेही सांगून ठेवले. वाट दाखविण्याचा याहून नेटका पाठ आम्हांला ठाऊक नाही. चुकणार नाही अशी खूण, विचारायला एक माणूस, आणि पोहोचल्यावर काय आढळेल याची खात्री.

याच कसोटीने नांदेडच्या कार्यशाळेचा कागद लिहावा. वेळापत्रकात स्थानकाचे नाव ‘हुजूर साहेब नांदेड’ असे आहे, हे सांगावे. वसईकरांना कळवावे, की मुंबईपर्यंत उलटे न जाता कल्याणला गाडी धरता येते. विष्णुपुरी भागात विद्यापीठाखेरीज अभियांत्रिकी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तेव्हा रिक्षावाल्याला नुसते ‘कॉलेज’ म्हणून भागणार नाही. कोणते प्रवेशद्वार, कोणती इमारत, भाडे साधारण किती, हे लिहावे. शेवटच्या सत्राची वेळ किनवट, भोकर, उमरीकडच्या परतीच्या गाड्या पाहूनच ठरवावी. स्त्रियांच्या मुक्कामाची सोय स्पष्ट शब्दांत असावी. रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या एका माणसाचा क्रमांक असावा. आणि मध्ये रविवार येत असेल, तर मिस्सा कोठे व किती वाजता, हेही द्यावे. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात आपली वस्ती विरळ. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताची चर्चेस एकमेकांपासून लांब. परक्या गावी एक घंटा ऐकू आली, तरी मन स्थिरावते.

पाहुणचाराचा धडा घ्यायला नांदेडकरांना दूर जावे लागत नाही. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली येथे देह ठेवला. त्यांच्या स्मृतीच्या गुरुद्वाऱ्यात पंजाबातून आलेला भाविक आणि वाट चुकलेला प्रवासी लंगरच्या एकाच पंगतीत जेवतात. कोण, कुठला, असे कोणी विचारीत नाही.

नुसती अचूक माहिती पुरेशी नसते, हे मत्तयाने आपल्याला सांगून ठेवले आहे. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना बेथलेहेमचा पत्ता हेरोदाच्या शास्त्र्यांमुळेच मिळाला, आणि तो अगदी बरोबर होता. पण त्या शास्त्र्यांपैकी एकही चार पावले बरोबर चालला नाही.

आपल्या धर्मग्रामांतही युवक शिबिरे, बायबल कार्यशाळा, शिक्षकांचे मेळावे भरतात. पत्रिका छापण्याआधी तिच्यातील वाटेचा मजकूर अशा एखाद्याला वाचायला द्यावा, जो तेथे कधीच गेलेला नाही आणि ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही. तो जेथे अडखळेल, तेथे एक ओळ वाढवावी. त्या एका ओळीसाठी कागद थोडा अधिक लागेल. पण तिच्यावाचून कुणाची सोळा पाने न वाचलेली राहतात.