आबांच्या पाठीवरचा बाजा

आमच्या घरात पियानो आहे. हे सांगितलं की माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझं आडनाव आठवून बघतो. सोसायटीतले विचारतात, "मुलीसाठी घेतला का?" नाही. माझ्यासाठी घेतला. पन्नाशीला आलेला बँकेतला कारकून मी, रोज तासभर बोटं गिरवतो.

पियानो मला आधी वजनानं माहीत होता. आबा १९७२ च्या दुष्काळात साताऱ्याकडून मुंबईला आले आणि फोर्टात एका लिलाववाल्याकडे हमालीला लागले. पारशांची, ख्रिश्चनांची जुनी घरं मोडायची, सामान विकलं जायचं. त्यात हा बाजा असायचा. उभा पियानो दिसायला लाकडी कपाट. पण आत बिडाचा सांगाडा आणि त्यावर दोनशेच्या वर तारा. सगळ्यांचा मिळून ताण १५-२० टन. नुसतं लाकूड तो सोसत नाही, म्हणून बीड. वजन दोनशे किलोच्या पुढं. मी हे पुस्तकात वाचलं. आबांना खांद्यानं कळलं होतं.

सहा जण, काथ्याची दोरी, अरुंद जिना. जिन्यावर सगळा भार खालच्या माणसावर येतो. खालच्या अंगाला कायम आबा आणि आमच्याच वस्तीतला एक जण. मुकादमानं जात कधी विचारली नाही. त्याला माहीत होती.

एकदा वांद्र्याला तिसऱ्या मजल्यावर पियानो चढवला. आबा आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे, १४ एप्रिलला रात्रभर त्यांची बोटं चालायची. त्यांना राहवलं नाही. झाकण उचललं आणि एक पट्टी दाबली. बाई धावत आल्या. "हात लावू नका, घामाचे डाग पडतात." आबा घरी येऊन हसत सांगत होते, "अर्धा तास त्येला मिठी मारून जिना चढलो, तवा घाम न्हाई लागला व्हय?" आई हसली नाही. ती त्यांच्या पाठीला तेल चोळत होती.

२०१७ साली पतपेढीचं कर्ज काढून मी एक जुना पियानो घेतला. ४५ हजार. बायको म्हणाली, येड लागलंय. खरं आहे. लिफ्टमध्ये तो मावेना. चार हमाल जिन्यानं चढवत होते, मी वर उभा राहून बघत होतो. आणि माझ्याच तोंडून निघालं, "जपून रे, ओरखडा पडेल!"

आबा दारात होते. माझ्याकडे नुसतं बघितलं. मग वाकल्या पाठीनं दोन पायऱ्या उतरले आणि खालच्या हमालाला म्हणाले, "गड्या, दम खा. टेकव पायरीला. घाई न्हाई." मला पाणी आणायला पाठवलं. मी आणलं.

सूर लावणारा आला, त्यानं पुढची फळी काढली. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते आणि मागं येते. हातोडीचं तोंड दाबलेल्या लोकरीचं. पण तिच्या बुडाला आणि तिला झेलणाऱ्या ठोकळ्याला कातडं. आबा डोळे बारीक करून बघत राहिले. "आरं, कातडं हाय की आत!"

आबांच्या आज्यापर्यंत आमच्या घरानं गावची मेलेली ढोरं ओढली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आज्यानं मांस सोडलं, ओढणंही टाकलं, त्यापायी मार खाल्ला. ओढणारे वेशीबाहेर राहिले. कातडं मात्र दिवाणखान्यात पोचलं.

शिकताना कळलं, माझा उजवा हात थोडाफार पेटीवाल्याचा आहे. डावा कशाचाच नाही. पेटीवाल्याचा डावा हात भात्यात जातो. इथं भाता नाही, डाव्यालाही पाची बोटांचं काम, आणि तेही उजव्याहून वेगळं. मागच्या बाकावर बसवलेल्या पोरासारखा तो मागंच राहतो. पेटीवर पट्टी धरून भाता मारत राहिलं की सूर टिकतो. इथं सूर लागला की लगेच विरायला लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, ते वेगळंच.

पायाशी तीन दांड्या आहेत. मधली अडकवली की हातोड्या आणि तारांच्या मधे लोकरीची पट्टी उतरते, आवाज घुसमटतो. ही दांडी मला लवकरच लागली. वरच्या मजल्यावरून निरोप आला, "रोज काय ठोकाठोक लावलीय?" त्यांच्या पोराचा तबला संध्याकाळी दोन तास चालतो. त्याला रियाज म्हणतात. मी भांडलो नाही. दांडी अडकवली. चार वर्षं तसाच वाजवला.

एक दिवस आबा म्हणाले, "येवढं कर्ज काढून आवाज दाबाया आणलास व्हय?" आणि वाजवतो म्हणाले. बसायच्या आधी मोरीत जाऊन साबणानं हात धुऊन आले. मी म्हणालो, "आबा, कशाला?" ते बोलले नाहीत. एका बोटानं काळी एक दाबली आणि सूर पार विरेपर्यंत ऐकत बसले. मग परत दाबली.

आता मी संध्याकाळी सातला वाजवतो, तबल्याच्याच वेळी, मधली दांडी सोडून. वरचे एकदा खाली आले. दार उघडून म्हणालो, "रियाज चाललाय." डाव्या हाताचं चौथं बोट अजून उठत नाही.